सुझोऊचं रेशमी भरतकाम : पहिली पाकळी नीट भरेपर्यंत

पहिल्या दिवशी लाओशींनी माझं भरतकाम बघितलंच नाही. पुण्याहून मुद्दाम नेलेला, काश्मिरी टाक्याचा उशीचा अभ्रा माझ्या पिशवीतच राहिला. त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, उजव्या अंगठ्याशेजारी सालपट निघालं होतं तिथून रेशमाचा एक तंतू अलगद फिरवला, आणि तो तिथेच अडकला. त्या हसल्या. मग एक लडी आणि एक सुई हातात दिली आणि म्हणाल्या, आठवडाभर नुसता धागा फोडायचा (म्हणजे बारीक भागांत सुटा करायचा), कापड नंतर.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं सुझोऊत होतो. शांघायपासून रेल्वेने अर्धा-पाऊण तासावरचं हे कालव्यांचं आणि बागांचं शहर. 'लाओशी' म्हणजे बाई किंवा सर. शिकवणाऱ्या कोणालाही तिथे हेच म्हणतात. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला आणि पुढे आईच्या हाताखाली मी बरंच भरतकाम केलं होतं, त्यामुळे आपल्याला येतंच अशी माझी समजूत होती. ती चार दिवसांत गेली. चुका करत, उसवत जे शिकले ते इथे ओळीने लिहिते आहे. सुझोऊला न जाता घरी बसून सुरुवात करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल.

१. आधी घराणं ठरवा

चिनी भरतकामात चार मोठी घराणी मानतात, आपल्या गाण्यात असतात तशीच. सुझोऊचं सू-श्यू, हूनान प्रांतातल्या चांगशाचं श्यांग-श्यू, दक्षिणेकडच्या क्वांगतोंगचं युए-श्यू आणि सिचुआनमधल्या छंगदूचं शू-श्यू. 'श्यू' म्हणजे भरतकाम. २००६ साली चीनने राष्ट्रीय अमूर्त वारशाची पहिली यादी काढली, तेव्हा ही चारही तिच्यात आली. हूनानच्या बायका वाघाचे केस नि मिशा अशा भरतात की हात लावायला भीती वाटावी. क्वांगतोंगचं काम भरगच्च, झगमगीत, जरीचं. सुझोऊचा स्वभाव मऊ: मांजरं, सोनमासे, कमळं, धुक्यातले पूल.

नवख्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. इंटरनेटवर 'चिनी भरतकाम' म्हणून जे काही दिसतं त्यात चारही घराण्यांची सरमिसळ असते, त्यात यंत्रावरचंही असतं. एकाचा टाका, दुसऱ्याचा धागा आणि तिसऱ्याची चौकट घेऊन बसलात तर हाती काहीच लागत नाही. हा लेख फक्त सुझोऊपुरता आहे.

२. इतिहास, हाताला लागेल एवढा

इतिहास वगळून पुढे जाणार असाल तर एवढं तरी वाचा, कारण कुठला टाका आधी शिकायचा याचं उत्तर यात आहे.

सर्वांत जुनं चिनी भरतकाम आपल्या ओळखीच्या साखळी टाक्याचं आहे. हूपेई प्रांतात च्यांगलिंगजवळ माशान इथे १९८२ साली एक कबर उघडली. साधारण बावीस-तेवीसशे वर्षांपूर्वीची. आत कापडांच्या थरांखाली एका स्त्रीचे अवशेष होते, आणि त्या कापडांवर ड्रॅगन, फिनिक्स, वाघ, सगळे साखळी टाक्यातले. त्याआधी १९७२ साली चांगशाजवळच्या मावांगदुईत हान काळातल्या एका सरदारपत्नीची कबर सापडली होती. तिथल्या भरतकामातही साखळीच. साखळीने रेषा उत्तम निघते, पण मोठी जागा एकसंध चकाकती भरायची तर ती अपुरी पडते. तांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, बुद्धाच्या मोठमोठ्या प्रतिमा भरायला लागले आणि हळूहळू भरीव टाका पुढे आला. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतून पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने १९०७ साली नेलेली भरतकामातली बुद्धप्रतिमा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती जवळजवळ अडीच मीटर उंच आहे.

सोंग काळात भरतकाम चित्रकलेच्या मागे लागलं. राजवाड्यातल्या चित्रांची नक्कल रेशमात व्हायला लागली आणि तिथून 'सुईचं चित्र' ही कल्पना रुजली. मिंग काळाच्या शेवटी शांघायच्या गू घराण्यातल्या सुना-लेकींनी ती टोकाला नेली. त्यांतली हान शीमंग ही सून जुन्या चित्रकारांच्या कृती रेशमात उतरवायची. १६३४ साली पुरा झालेला तिचा चित्रसंच बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. घराची सांपत्तिक स्थिती उतरल्यावर याच बायकांच्या भरतकामावर घर चाललं, असं म्हणतात. हा भाग ऐकताना मला आपल्याकडच्या पापड-लोणच्यावर मुलं शिकवणाऱ्या बायका आठवल्या.

आणि मग शेन शोउ. सुझोऊत कोणाहीसमोर भरतकामाचा विषय काढा, पाचव्या वाक्यात हे नाव येतं. जन्म १८७४, सुझोऊचाच, मूळ नाव शेन युनची. १९०४ साली राजमाता त्सशीच्या सत्तराव्या वाढदिवसाला तिचं काम भेट म्हणून गेलं. खूश होऊन राजमातेने 'शोउ', म्हणजे दीर्घायुष्य, हे अक्षर लिहून दिलं आणि तेच तिचं नाव झालं. पुढे ती जपानला जाऊन आली. तिथलं भरतकाम आणि पाश्चात्त्य पद्धतीची चित्रं पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की चेहऱ्यावर पडलेला उजेडही टाक्याने दाखवता येतो. इटलीच्या राणीचं तिने भरलेलं चित्र १९११ साली तुरीनच्या प्रदर्शनात गेलं, येशूचं चित्र १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत. शेवटची वर्षं ती नानथोंगच्या शाळेत मुलींना शिकवत होती. तब्येत ढासळली तेव्हा तिने आपली विद्या तोंडी सांगितली आणि चांग च्येन या उद्योजकाने ती लिहून घेतली. ते पुस्तक १९१९ साली निघालं. १९२१ साली ती गेली. दीर्घायुष्याचं नाव मिळालेली बाई पन्नाशीही गाठू शकली नाही.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा: साखळी येत असेल तर चांगलंच, पण सू-श्यू भरीव टाक्यावर उभं आहे. सुरुवात तिथून करायची.

३. सामानाची यादी

फार लागत नाही. पण जे लागतं त्याला पर्याय चालत नाही.

- रेशमी धागा: सैल पिळाचा, भरतकामासाठीच बनवलेला. एका रंगाच्या पाच-सहा छटा एकदम घ्या. बारा वेगवेगळ्या रंगांचा खोका सुरुवातीला कुचकामी.
- कापड: घट्ट विणीचं सॅटिन रेशीम, फिकट रंगाचं. टसर नको, त्याची वीणच खडबडीत असते.
- सुया: बारा नंबरच्या, बारीक आणि आखूड. दहा-बारा तरी घ्या. गंजतात, वाकतात, सोफ्यात हरवतात.
- चौकट: तिच्याबद्दल पुढे सांगते.
- टोकदार छोटी कात्री, बिलोरी भिंग, जुनं धुवट मलमल.
- धीर. (लाओशी यादीत हे पहिलं लिहायच्या, मी शेवटी लिहितेय.)

धाग्यात सगळ्यात जास्त फसवणूक होते. आपल्याकडे 'सिल्क थ्रेड' म्हणून रिळं मिळतात ती बहुतेक रेयॉनची किंवा पॉलिस्टरची असतात. कानातले नि बांगड्या गुंडाळायला ती छान, इथे नाही. दुकानात मोकळेपणाने दोन इंच तुकडा मागा आणि घरी जाळून बघा. खरं रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत काढली की विझतं आणि मागे काळा, बोटांनी चुरडणारा गोळा उरतो. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पुण्यात रविवार पेठेत मी एका दुकानदाराला हे करून दाखवलं तर त्याने वरच्या फळीवरून वेगळाच डबा काढला.

आणखी एक सापळा: घट्ट पिळाचं खरं रेशीम. ते जाळून पाहिलं तर उत्तीर्ण होतं, पण फोडता येत नाही. धागा दोन चिमटींत धरून उलटा पीळ द्या. तंतू लगेच सुटे पडून पसरले तरच घ्या.

तयार संच मिळतात त्यांत छापलेलं कापड, धागे, सुया आणि लाकडी रिंग असते. पहिल्या प्रयोगाला ते वाईट नाहीत. फक्त कापडावर पूर्ण रंगीत चित्र छापलेलं असेल तो संच टाळा. खालचा रंग डोळ्यांना लबाडी शिकवतो. टाका विरळ पडला तरी भरल्यासारखं वाटतं.

४. हात आणि खोली

नखं कानशीने गुळगुळीत. रात्री झोपताना हाताला तेल किंवा क्रीम, पण कामाला बसण्याआधी अजिबात नाही, साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. हे चिनी नियम. आता आपला नियम: फोडणी करून थेट चौकटीवर बसू नका. हळद पेरांच्या रेषांत बसते आणि पांढऱ्या रेशमावर तिचा डाग कायमचा पडतो. माझी पहिली बदकं पिवळसर का आहेत हे लाओशींना समजावताना माझी पुरेवाट झाली.

पंखा बंद. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे छताला पंखेच नव्हते. भारतात परत आल्यावर पहिल्याच दिवशी फोडलेला धागा हवेत तरंगायला लागला आणि कपाळाला चिकटला. मे महिन्यात म्हणूनच मी पहाटे काम करते. रंग निवडायचे ते खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली निवडलेला गुलाबी सकाळी जांभळा निघतो.

५. चौकट ताणणे

सुझोऊची पारंपरिक चौकट म्हणजे दोन गोल दांडे, त्यांना जोडणाऱ्या भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या आणि अडकवायला खुंट्या. कापडाच्या दोन टोकांना जाड सुती पट्टी शिवायची, ती दांड्यांच्या खाचेत बसवायची, दांडे फिरवून कापड ताणायचं, खुंट्या मारायच्या. उरलेल्या दोन बाजू दोऱ्याने पट्ट्यांना आवळायच्या, खाट विणतात तसं. आपले जरदोजीवाले कारागीर ज्या चौकटीवर बसतात ती बघितली असेल तर तत्त्व तेच. ओळखीच्या सुताराकडून ती सहज करून घेता येते. त्याला फक्त एवढंच बजावा की दांडे कुठेही खरखरीत राहता कामा नयेत.

ताण बरोबर आहे की नाही हे कानाने कळतं. कापडावर टिचकी मारली की डफासारखा आवाज यायला हवा. 'थप्प' असा ओला आवाज आला तर सोडून पुन्हा ताणा. आळस केलात तर भरताना सगळं सरळ दिसतं आणि चौकटीतून काढल्यावर पाकळीभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

गोल रिंगच वापरायची असेल तर आतल्या कड्याला सुती फीत गुंडाळा आणि रिंग नक्षीपेक्षा मोठी घ्या. भरलेल्या भागावर रिंग आवळली की चकाकी मेलीच समजा.

चौकट स्टँडवर किंवा दोन टेबलांच्या मध्ये ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात: एक वर, एक खाली. खालच्या हाताला आंधळेपणाने सुई वर पाठवायची सवय लागायला महिना जातो. तोवर बोटं टोचतील.

६. नक्षी उतरवणे

कापडाखाली उजेड ठेवून अगदी बारीक रेषेने उतरवा. निळा कार्बन नको, तो जात नाही. पाण्याने पुसणारं पेनही नको, कारण रेशमावर पाण्याचा थेंब पडला की कडा उमटते, आणि काही गडद धागे रंग सोडतात. रेषा टाक्याखाली झाकली जायला हवी, म्हणून टाका नेहमी रेषेच्या केसभर बाहेर.

सोनमासा निवडू नका. सगळे तोच निवडतात. एक पान, एक पाकळी, फार तर एक कळी.

७. धागा फोडणे

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. सू-श्यूची निम्मी विद्या इथे आहे.

लडीतला एक धागा म्हणजे दोन पदर एकत्र पिळलेले. तिथल्या हिशेबात एका पदराचे आठ भाग, म्हणजे पूर्ण धाग्याचे सोळा. या सोळाव्या भागाला 'स' म्हणतात, रेशमाचा तंतू या अर्थाने. पान आणि देठ अर्ध्या किंवा पाव धाग्याने भरतात, पाकळ्या आणखी बारीक, आणि माशाची पारदर्शक शेपटी किंवा मांजराचे केस सोळाव्या भागाने किंवा त्याहूनही बारीक. कापडावर ठेवलेला सोळावा भाग मला पहिल्यांदा दिसलाच नव्हता. मी फुंकर मारली, तेव्हा काहीतरी हललं.

कृती अशी. हातभर, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर धागा कापा. जास्त लांब घेतलात तर कापडातून ओढला जाताना तो पिंजला जातो. एक टोक डाव्या चिमटीत घट्ट धरा. दुसऱ्या टोकाला उजव्या हाताने उलटा पीळ द्या. दोन पदर सुटे दिसतील, ते वेगळे करा. आता एक पदर घ्या, टोक नखाने किंचित पसरवा, पंख्यासारखं. मधोमध दोन भाग करा. एक भाग अंगठा-तर्जनीत, दुसरा करंगळीने बाहेर ओढत न्यायचा. ओढायचं म्हणजे जोराने नव्हे. मधला पीळ स्वतःच उलगडत खाली सरकतो, त्याला सरकू द्यायचं. घाई केलीत की मध्ये गुंता होतो आणि तो सोडवायला गेलात तर दोन्ही भाग वाया जातात. गुंता झाला की सरळ टाकून द्या. लाओशींच्या खुर्चीखाली अशा टाकलेल्या धाग्यांचा एक रंगीत पुंजका कायम असायचा, त्यामुळे मला फार धीर आला.

ओवताना फोडलेला धागा नेढ्यातून निसटतो. म्हणून नेढ्याशीच त्याला सैल फास घालतात. फास सपाट बसला पाहिजे, नाहीतर कापडात भोक मोठं पडतं.

८. पाकळीआधी दोन चौकोन

हा स्वाध्याय मला तिसऱ्या महिन्यात दिला गेला. तुम्ही पहिल्या आठवड्यात करा.

एकाच धाग्याने, एकाच रंगात, नखाएवढे दोन चौकोन शेजारी शेजारी भरा. एकात टाके उभे, दुसऱ्यात आडवे. मग चौकट खिडकीशी नेऊन हळूहळू फिरवा. एक चौकोन फिकट दिसेल, दुसरा गडद. आणखी फिरवा, अदलाबदल होईल.

रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे तो उजेड परतवतो. आणि पीळ काढलेले तंतू एकमेकांना समांतर झोपले की सगळे मिळून एकाच दिशेने परतवतात. सू-श्यूमध्ये म्हणून धाग्याची दिशा आधी ठरते, रंग नंतर. पाकळीत ती बुडाकडून कडेकडे पसरते, पानात मधल्या शिरेपासून तिरकी बाहेर जाते, माशात अंगावरून शेपटीकडे वाहते. नक्षीवर पेन्सिलीने अगदी फिकट बाण काढून ठेवा. रंग चुकला तर छटा बदलून निभावता येतं. दिशा चुकली तर मासा मेलेला दिसतो. माझा पहिला मासा मेलेलाच होता, दुकानात बर्फावर ठेवलेल्या बांगड्यासारखा.

९. पहिली पाकळी

गाठ मारायची नाही. जी जागा नंतर झाकली जाणार आहे तिथे दोन-तीन कणाएवढे टाके घ्या, धागा पक्का होतो, शेपूट कापून टाका. संपवतानाही तसंच.

पहिला टाका 'छीझेन', म्हणजे आपला भरीव टाका. पाकळीच्या मध्यावरून सुरुवात करा आणि आधी एक बाजू, मग दुसरी. एका कडेपासूनच निघालात तर दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत टाके तिरके झालेले असतात. सुई सरळ उभी खाली जाऊ द्या. तिरकी घातली की कड करवतीसारखी दिसते. टाके एकमेकांना चिकटून, पण एकमेकांवर चढलेले नकोत, भिंगातून बघा.

दोन पाकळ्या जिथे भेटतात तिथे केसाएवढी फट मोकळी सोडतात. तिला चिनी भाषेत 'पाण्याची वाट' म्हणतात. तिची रुंदी सगळीकडे सारखी राहिली की हात बसला असं समजतात. आमच्या वर्गात काम तपासताना लाओशी फुलाकडे न बघता आधी या पाणवाटा बघायच्या.

छीझेन जमला की 'थाओझेन'. छटा एकमेकींत मिसळायला हाच लागतो. पहिल्या ओळीची बाहेरची कड एकसारखी, आतली टोकं लांब-आखूड. दुसरी ओळ, एक छटा गडद, पहिल्या ओळीच्या मधून सुरू होते. तिचे टाके पहिल्या टाक्यांच्या फटींत शिरतात. तिसरी ओळ पहिलीच्या शेपटाला भिडते. तीन छटांत हे नीट झालं की कुठे एक संपली आणि कुठे दुसरी सुरू झाली हे सांगता येत नाही. आपला लांब-आखूड टाका ज्यांना येतो त्यांचा इथे एक दोष हमखास दिसतो: दुसरी ओळ पहिलीच्या टोकाला टेकवून सुरू करतात. मग रंगांचे पट्टे पडतात. दुसऱ्या ओळीने पहिलीच्या पोटात शिरलंच पाहिजे.

देठासाठी 'गुनझेन', आपल्या देठाच्या टाक्याचा भाऊ. परागकणांसाठी 'दाझी', म्हणजे बियांसारख्या गाठी. या गाठीच्या टाक्याबद्दल एक गोष्ट फिरते की तो भरताना बायका आंधळ्या व्हायच्या म्हणून बादशहाने त्याच्यावर बंदी घातली. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना फार आवडलेली ही गोष्ट आहे, तिला आधार नाही. पण डोळे दुखतात हे खरं. दर वीस मिनिटांनी लांबच्या झाडाकडे बघा.

काम कसं झालं हे तपासायला आठ अक्षरं आहेत: सपाट, कड नेटकी, बारीक, दाट, सारखं, ओघात, रंग जुळलेले, चकाकी शाबूत. सगळी एकदम साधायला जाऊ नका. पहिल्या पाकळीत मी फक्त 'सपाट' आणि 'कड' एवढंच तपासलं, आणि तीन सेंटिमीटरच्या त्या पाकळीला चार संध्याकाळी लागल्या.

उसवायचं तर दोनदाच. सॅटिन सुईची भोकं विसरत नाही.

१०. दोन्ही बाजूंचं भरतकाम: अजून नको

पारदर्शक रेशमावर दोन्हीकडून सारखं दिसणारं मांजर बघितलं की सगळ्यांना तेच करायचं असतं. त्यात मागची बाजू नसतेच, त्यामुळे प्रत्येक टोक टाक्यांच्या पोटात लपवावं लागतं आणि सुई जरा कलली तरी दुसऱ्या बाजूची कड बिघडते. थाओझेन डोळे मिटून येईपर्यंत तिकडे वळू नका.

११. बघायला कुठे जायचं, घेताना कसं ओळखायचं

सुझोऊला गेलात तर तीन ठिकाणं. रनमिन रस्त्यावर, उत्तरेच्या पॅगोडाजवळ रेशीम संग्रहालय आहे. कोषापासून कापडापर्यंत सगळं तिथे कळतं. १९५०च्या दशकात सुरू झालेली भरतकाम संशोधन संस्था ह्वानश्यू शानच्वांग या बागेत आहे. बाग लहानशी, पण जागतिक वारशातली. तिथला कृत्रिम डोंगर बघायलाच लोक येतात. आणि तिसरं, शहराच्या पश्चिमेला ताई सरोवराकाठचं झेनहू गाव. तिथे आठ हजार भरतकाम करणाऱ्या बायका आहेत असं सांगतात, आणि एक पूर्ण रस्ता त्यांच्याच दुकानांचा. दुकानात शिरलात तर पुढे विक्री आणि आत खिडकीशी चौकट. नुसतं उभं राहून बघू दिलं जातं. मी कित्येक रविवार तेवढंच केलं.

पर्यटकांच्या गल्ल्यांमध्ये मात्र जपून. एका बागेच्या दाराशी मी 'हाताने भरलेला' कमळांचा पंखा घेतला. घरी येऊन अस्तर उचकटलं तर मागे सगळीकडे एकच पांढरा दोरा, शिलाई मशीनच्या बॉबिनचा. तेव्हापासून मी आधी मागची बाजू मागते. दाखवत नसतील तर काम तिरकं करून उजेडात फिरवा: फोडलेल्या रेशमाची चकाकी सरकते, यंत्रावरच्या पिळाच्या दोऱ्याची सगळीकडे सारखीच राहते. दुसरा प्रकार जास्त लबाड. चित्र कापडावर छापायचं आणि फक्त फुलाच्या तोंडावर चार टाके हाताने भरायचे. टाक्यांच्या मधून भिंगाने बघा, खाली छापील रंग दिसतो.

चीनला जाणं होणार नसेल तर मुंबईत ह्यूजेस रोडला खरेघाट कॉलनीत अल्पाईवाला संग्रहालय आहे, पारशी समाजाच्या वस्तूंचं. एकोणिसाव्या शतकात कँटनशी (क्वांगतोंगच्या बंदराशी) व्यापार करणाऱ्या पारश्यांनी घरच्या बायकांसाठी रेशमावर भरून आणवलेले गारे (भरतकामाच्या साड्या) म्हणजे चिनी सुईचं आपल्या दाराशी आलेलं काम. घराणं दक्षिणेचं, सुझोऊचं नाही, पण भरीव टाका आणि त्या बारीक गाठी ओळखू येतात. त्या गाठींना पारशी बायका 'खाखा' म्हणतात. ओळखीच्या एखाद्या पारशी आजींकडे गारा असेल तर हात धुऊन, आदबीने, मागची बाजू बघायला मागा. पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूने जास्त शिकायला मिळतं.

१२. चौकटीतून काढल्यावर

धुवायचं नाही. ड्रायक्लीनिंगलाही नाही. काचेत लावायचं असेल तर काच आणि कापड यांत बोटभर अंतर राहील अशी फ्रेम करून घ्या, आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. नुसतं ठेवायचं असेल तर घडी न घालता, भरलेली बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळा, वरून जुन्या सुती साडीचा तुकडा. प्लास्टिकची पिशवी नको, डांबरगोळी कापडाला टेकायला नको. पावसाळा संपून हवा कोरडी झाली, दसऱ्याच्या आसपास, की एकदा उलगडून सावलीत तासभर वारा द्यायचा.